कोरा नमुना

११ फेब्रुवारी

विद्यापीठातल्या नोकरी-सल्लागारांनी आज माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "तुमचे वडील इस्त्रीचं दुकान चालवतात, हे आम्हाला कशाला सांगताय?"

मी म्हटलं, ओळख द्यायची होती.

"तुमची द्या. त्यांची नको."

मग त्यांनी जन्मतारीख खोडली, 'अविवाहित' खोडलं, आणि 'वरील सर्व माहिती खरी आहे' हे माझं सर्वांत आवडतं वाक्यही खोडलं. ते का, असं मी विचारलं. तर म्हणे, खरी आहे असं मुद्दाम सांगितलं की वाचणाऱ्याला शंका येते. पानावर उरलं ते एवढंच: पिण्याच्या पाण्याच्या तपासणीतली पदव्युत्तर पदवी, प्रबंध, गुण. 'अनुभव' या शब्दापुढे काहीच नाही.

या देशात राहायची परवानगी मेअखेरपर्यंत आहे. तोवर माझ्याच विषयातलं काम मिळालं आणि काम देणाऱ्यानं 'आम्ही हिला अमुक अमुक शिकवू' असं सरकारला लिहून दिलं, तर मुक्काम वाढतो. नाही तर परत.

घरात शाळेत टिकलेली मी पहिली. बाबा चौथीतून उठले, आई गेलीच नाही. परत जायची लाज वाटत नाही. जायचं ठरलं तर माझं मी ठरवीन, तारीख बघून कुणी मला दाराबाहेर काढलेलं मात्र चालणार नाही.

१५ फेब्रुवारी

रविवारचा फोन. आलेला नकार बाबांना वाचून दाखवावा लागतो, ते ऐकल्याशिवाय सोडत नाहीत.

"'तुमच्या पात्रतेने आम्ही प्रभावित झालो आहोत.'"

"मग?"

"'तथापि या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.'"

"या वेळी म्हणतायत ना? म्हणजे पुढल्या वेळी तू."

"बाबा, ते सगळ्यांना हेच लिहितात."

"सगळ्यांना लिहितात, मग तुला काय वेगळं लिहितील? लोक चांगले दिसतात."

त्यांना कसं समजवायचं कळत नाही. मागून आई म्हणाली, "तिला जेवलीस का विचारा," आणि मग आत्यानं फोन ओढून घेतला. ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली आहे.

"हे बघ, तुझ्याच शहरात आपल्या ओळखीतला एक मुलगा आहे. मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला जाऊन भेट. तुझं काम होऊन जाईल."

"कुठल्या खात्यात आहे?"

"ते त्यालाच विचार. नीट तयार होऊन जा, नाही तर जाशील चप्पल घासत."

"कागद नेऊ का सगळे?"

आत्या म्हणाली, "ने की. काही बिघडत नाही."

२२ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही असा विचार करत बराच वेळ बसले. लिहिते.

चहाच्या दुकानात भेटायचं ठरलं होतं. मी दहा मिनिटं आधी गेले, फाइल मांडीवर. ते आले नव्या शर्टात. पाकिटातून काढून तसाच घातलेला, घडीच्या रेषा छातीवर उभ्या-आडव्या. बाबांनी असा शर्ट दुकानाबाहेर जाऊ दिला नसता.

त्यांनी विचारलं, इथंच राहायचा विचार आहे का. मी म्हटलं, त्यासाठीच आलेय. स्वभाव कसा आहे, असं विचारलं. सल्लागारांनी या प्रश्नाची माझ्याकडून तयारी करून घेतली होती. पण पाठ केलेलं उत्तर ऐनवेळी खोटं वाटलं, म्हणून खरं सांगितलं: एकदा मोजलेलं मला पुन्हा मोजावंसं वाटतं, बरोबर असलं तरी.

"घरात त्रास होत असेल लोकांना."

"कामात होत नाही."

त्यांनी मान डोलावली. मग मी प्रमाणपत्रं एकेक करून पुढे ठेवली. त्यांनी प्रत्येक नीट वाचलं. गुणपत्रिका तर दोन्ही बाजूंनी. "सूक्ष्मजीवशास्त्रात छान आहेत," म्हणाले. मला धीर आला. रात्रपाळी चालेल, सुट्टीच्या दिवशी येईन, गाव बदलायला लागलं तरी हरकत नाही, असं सगळं सांगून टाकलं. ते काहीसे गोंधळलेले दिसले. मग सल्लागारांनी शिकवल्याप्रमाणे मान वर करून विचारलं, "पगार किती असेल?"

त्यांनी आकडा सांगितला.

"एवढा? सुरुवातीलाच?"

"नाही, सहा वर्षं झाली मला लागून."

"म्हणजे जागा नवीन माणसासाठी नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आत्यांनी तुम्हाला नक्की काय सांगितलं?"

पुढचं लिहीत नाही. आधी ते हसले. मी प्रमाणपत्रं गोळा करत होते, त्यातलं एक टेबलाखाली गेलं. ते वाकून काढून देताना म्हणाले, "माझी इतकी कडक मुलाखत आजवर कोणी घेतली नव्हती."

२३ फेब्रुवारी

आत्याला फोन केला. ती उलट माझ्यावरच चिडली. "अगं, एका दगडात दोन्ही कामं होत होती. लग्न झालं की परवानगीचा प्रश्नच उरत नाही. मग बस आयुष्यभर पाणी तपासत, कोण अडवतंय?"

मी म्हटलं, परवानगी हवी म्हणून मी कुणाच्या घरात जाणार नाही. आत्या म्हणाली, शिकून जीभ तेवढी वाढली. ते खरं आहे.

नंतर आईला फोन लावला. ती फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "आत्याला दुखवू नकोस. मी बघते." काय बघते? ती नेहमी असंच करते. स्वतः काही बोलत नाही आणि मला मात्र गोड बोलायला सांगते.

कालच्या नोंदीत एक दुरुस्ती: 'मला धीर आला' असं लिहिलं आहे. नुसता धीर नव्हता, मला आनंद झाला होता.

३ मार्च

स्थळाचा फोन आला. (त्यांना नाव आहे, पण डोक्यात स्थळच बसलंय.) म्हणाले, लग्नाचं राहू द्या, नोकरीचं बोलू.

त्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे. तो चार वर्षांचा अनुभव लिहून देतो. कंपनी, हुद्दा, तिथल्या साहेबांचा फोन नंबर, सगळं. कोणी चौकशीला फोन केला तर साहेब म्हणून तोच बोलतो. संगणकाचं काम, कागदावर तुमच्याच विषयाशी जोडून दाखवतात, तीन आठवड्यांत शिकवतात. मुलाखतीत अडलात तर बाजूला बसून कुणीतरी उत्तर सांगतं.

"आणि मग खरंच काम करायची वेळ आली की?"

"रात्री जागून शिकायचं. सगळे तसंच करतात."

"तुम्हीही?"

तिकडे कुठलं तरी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "माझी पदवी रसायनशास्त्राची आहे."

मी जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं. अवघड प्रश्न आला की विषय बदलायची सवय दिसते. मी सांगितलं, त्या चार वर्षांत मी कुठे होते हे मला पक्कं माहीत आहे. दोन वर्षं वसतिगृहात आणि दोन इथल्या प्रयोगशाळेत. त्या जागी दुसरं काही लिहू देणार नाही.

"मेमध्ये बोलू," म्हणाले. रागावून नाही. थकल्यासारखं.

१९ मार्च

आज तीन नकार, एका दिवसात. एका ठिकाणी तर अर्ज केल्यावर इतक्या लवकर नकार आला की वाचलाच नसणार. मी त्यांना उत्तर लिहिलं: कृपया वाचून नकार द्यावा. पाठवलं. आता भीती वाटतेय, पण परत घेणार नाही.

२९ मार्च

आईनं आत्याला सांगितलं की मला नोकरी लागली.

आज आत्याचाच अभिनंदनाचा फोन आला तेव्हा कळलं. कुठे, काय, काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, "आता तू कशाला ऐकतेस आमचं. मुलाकडच्यांना मी काय तोंड दाखवू?" मी लगेच आईला फोन लावला.

"आई, तू खोटं का बोललीस?"

"लागेलच की."

"लागली आणि लागेल यात फरक आहे."

"तुला असेल. तू तुझं बघ बरं, इकडचं मी बघते." मग शेजारणीशी बोलायला लागली.

मी इथे एकेक शब्द तोलून लिहिते आणि घरून हे. आता आईचं खोटं खरं करायचं ओझंही माझ्याच डोक्यावर. तिला एवढंही कळू नये?

संध्याकाळी स्थळाचा फोन. त्यांच्यापर्यंतही बातमी पोचली होती. मी खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. "तुमच्या आई फार हुशार आहेत," म्हणाले. टोमणा होता की काय कळेना. मी फोन ठेवला.

१४ एप्रिल

ठरवलं, फोन उचलत नाहीत तर दार ठोठावायचं. शहराच्या टोकाला, गोदामांच्या रांगेत पाणी तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. मी तिथे दोनदा अर्ज केला होता. आज बसनं जाऊन उभी राहिले. समोरच्या टेबलवरचा माणूस म्हणाला, भेटीची वेळ घेतलीय का? मी म्हटलं, मागतेय दोन महिन्यांपासून.

तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आल्या, हातातला रबरी मोजा उलटा काढत. तिथे सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली आहे.

"आम्ही दोन वर्षांचा अनुभव मागतो," म्हणाल्या.

"माहीत आहे. माझ्याकडे तो नाही. दोन दिवस काम करून दाखवते, मग काय ते म्हणा."

"आणि मग नाही म्हटलं तर?"

"तर तोंडावर म्हणा. 'तथापि' नको."

त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. गुरुवारी सात वाजता या, म्हणाल्या.

बसमध्ये बसल्यावर 'गुरुवार, सात' असं हातावर लिहिलं. मग कागदावर पुन्हा.

१६ एप्रिल

पहिला दिवस. काम माझ्या हातातलं: बाटलीतलं पाणी बारीक फिल्टरमधून ओढायचं, फिल्टर चिमट्यानं उचलून जंतूंच्या खाद्यावर ठेवायचा, प्लेटवर झाकण आणि रात्रभर उबेच्या कपाटात. पाण्यात जंतू असले तर सकाळी ठिपके उठतात. शेवटी कोरा नमुना करायचा, म्हणजे जंतू मारून ठेवलेलं पाणी त्याच भांड्यातून, त्याच चिमट्यानं. त्यावर एकही ठिपका उठता कामा नये. उठला तर घाण पाण्यातली नाही, आपल्याकडची.

शेजारच्या टेबलवरच्या मुलीचं काम माझ्या दुप्पट वेगानं चालतं. ती गुणगुणत करते. मी श्वास धरून करते.

१७ एप्रिल

कपाट उघडलं. कोऱ्या नमुन्यावर दोन ठिपके.

मी तो तीन वेळा उजेडात धरून पाहिला. तेव्हाही दोनच.

बाकीच्या प्लेटा बहुतेक स्वच्छ होत्या. त्यांची काळजी नव्हती, काही उठलंच नाही म्हणजे आपली घाण तिथवर गेली नाही. पण एका राहत्या इमारतीच्या टाकीच्या प्लेटवर तीन ठिपके होते. ते टाकीचे की माझ्या हातचे, हे आता देवालाही सांगता येणार नाही. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "तीन लिही आणि मोकळी हो. कोरा कोण विचारतंय?"

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, या टाकीचा निकाल मी लिहू शकत नाही. नमुना पुन्हा आणावा लागेल.

"ग्राहकाला दुपारी उत्तर हवंय."

"उत्तर माझ्याकडे नाही."

"तीन ठिपके दिसतायत."

"दोन आपल्याकडेही दिसतायत."

त्यांनी प्लेट हातात घेतली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, तुम्ही घरी जा, कळवू.

कळवू.

मी बरोबर होते. हे मी कितीही वेळा तपासलं तरी बदलत नाही.

२६ एप्रिल

काही कळवलेलं नाही. बाबांना वाचून दाखवायला पत्रही नाही. ते म्हणाले, "पत्र नाही म्हणजे नाहीही म्हटलेलं नाही. तू जाऊन विचार. आपल्याकडे गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं नाही तर मी काय कपडे घेऊन रडत बसतो?"

स्थळाचा निरोप: त्या माणसाकडे अजून जागा आहे, शेवटचे दिवस. खाली लिहिलं होतं, 'पण तुम्ही घेऊ नका.' मग विचारतात कशाला? त्यांच्या मनात काय असतं कळतच नाही.

२८ एप्रिल

गेले. मोठ्या बाई जेवत होत्या. मी म्हटलं, थांबते. "बसा," म्हणाल्या, आणि डबा बंद केला.

"ती टाकी," त्यांनी सुरुवात केली. "गाडी परत पाठवली. ग्राहक माझ्यावर ओरडला. नवा नमुना दोन दिवसांनी आला. काय निघालं असेल?"

मी म्हटलं, स्वच्छ.

"तेवीस ठिपके."

तेवीस. म्हणजे ते तीन खरे होते, किंवा त्यातला एखादा तरी. मी निकाल अडवला आणि तेवढे दिवस त्या इमारतीतले लोक ते पाणी पीत राहिले, असं मी म्हटलंही.

"नाही प्यायले," बाई म्हणाल्या. "तुम्ही दारातून बाहेर पडलात आणि मी त्यांना फोन केला. निकाल द्यायचा नसेल तर नका देऊ, ते बरोबरच होतं. पण शंका आली की आधी फोन करायचा: उकळून प्या. मग नमुना, मग निकाल. तुम्ही तुमचा कागद स्वच्छ ठेवलात. लोकांचं पोट विसरलात."

हे मला कुठल्याही पुस्तकानं असं सांगितलं नव्हतं. खरं तर, पुस्तकात असेलही, नेमकं तेवढंच मी वाचलं नव्हतं. रडू आलं होतं, पण तिथे रडायचं नाही एवढं ठरवून गेले होते.

"मग ते मला शिकवा," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच वर गेला. "सरकारला तेच लिहून द्यायचं असतं, हिला काय शिकवणार म्हणून. हे लिहा. दोन वर्षांचा अनुभव मला हवा असता तर आज संध्याकाळपर्यंत आणून दिला असता, विकत मिळतो. मला तो नको आहे. मला इथला पाहिजे."

बाईंनी डबा पुन्हा उघडला. "असे आवाज चढवून मागतात का तुमच्याकडे?"

"आमच्याकडे मागतच नाहीत. मी पहिली."

त्या जेवत राहिल्या. मी उठले नाही. शेवटी म्हणाल्या, कागद कुठला भरायचा तो घेऊन या, मला त्यातलं काही कळत नाही. दुपारची पाळी रिकामी आहे, पगार थोडाच, आणि कोऱ्या नमुन्यात पुन्हा ठिपका आला तर चिमटा कसा धरता ते मी स्वतः उभी राहून बघणार आहे.

चिमटा मी नीटच धरते. पण हे तिथे बोलले नाही.

३ मे

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "लोक चांगलेच होते, म्हटलं नव्हतं मी?" आणि दुकानात गेले, रविवार असून. आई म्हणाली, "बरं झालं. आत्याला मी मार्चमध्येच सांगितलं होतं." खोटं बोलल्याचं तिला अजूनही काही वाटत नाही. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणाली, "बरं बाई, चुकलं. जेवलीस का?"

स्थळालाही कळवलं. त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं, "तिथं अजून एखादी जागा आहे का?" थट्टाच असणार, एवढा पगार सोडून कोण येतं. मी उत्तर दिलं, असली तर कळवते.

२१ मे

परवानगी वाढून आली. नीट वाचली, तारीख बरोबर आहे.

८ जून

आज बदली म्हणून सकाळच्या पाळीवर मी एकटीच होते. मोठ्या बाई काचेपलीकडे कुठल्या तरी अहवालात डोकं घालून. एका पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. कालचा नमुना, आज सकाळी माझ्या कोऱ्या नमुन्यावर एक ठिपका, आणि त्यांच्या प्लेटवर दोन. मी सकाळीच त्यांच्याकडे निरोप ठेवला होता: निकाल येईपर्यंत तलाव बंद ठेवा.

"दुपारी शेजारच्या शाळेची मुलं येणार आहेत," ते म्हणाले. "मला कागद द्या, स्वच्छ आहे म्हणून."

"स्वच्छ आहे हे मला माहीत नाही."

"घाण आहे हे माहीत आहे का?"

"तेही नाही. उद्या सकाळी कळेल. तोवर मुलांना पाण्यात सोडू नका."

"तुम्ही नवीन दिसता."

"हो."

"मग तिथं कुणी अनुभवी असेल तर त्यांना द्या फोन."

काचेपलीकडे बाईंनी मान वर केली होती. मी हात केला असता तर त्या आल्या असत्या. मी हात टेबलावरच ठेवला.

"देऊ शकते," मी म्हटलं. "पण प्लेट मी वाचलीय, त्या पण हेच सांगतील. नमुना घ्यायला गाडी निघालीय, फाटक उघडून ठेवा. आणि शाळेला फोन तुम्ही करता की मी करू?"

तिकडे त्यांनी कुणाला तरी फाटक उघडायला सांगितलं. मग म्हणाले, मी करतो.

फोन ठेवला. शाळेचा नंबर शोधून मीही केला.